एकतीस तारखेचा हिशेब

सरोजिनी नगर हे नाव नंतरचे. जुने रहिवासी बोलता बोलता अजूनही विनय नगर म्हणून जातात. केंद्र सरकारच्या नोकरांसाठी वसवलेल्या या वसाहतीत घर आपले नसते. ते नोकरीबरोबर येते आणि नोकरीमागोमाग जाते. २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने पुनर्विकासास मान्यता दिली, दुमजली क्वार्टर्स पाडून उंच इमारती उभ्या राहू लागल्या. तो नियम मात्र कोणी पाडला नाही. निवृत्तीनंतर सहा महिने राहता येते, पुढे दंडाचे भाडे सुरू होते.

निवृत्तीची आणि घर सोडण्याची, अशा दोन्ही तारखांची यादी करणारा एक लहानसा प्रोग्राम मी रहिवासी मंडळासाठी बरीच वर्षे सांभाळीत आलो आहे. तो जावास्क्रिप्टमध्ये आहे आणि तारखांचे सारे गणित त्याने मोमेंट या साहाय्यक लायब्ररीवर सोपवलेले होते. तसे करण्यास कारण होते. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये दहा दिवसांत रचलेल्या या भाषेने तारखेची व्यवस्था जावाकडून उचलली. जावाने १९९७ मध्येच ती बव्हंशी मोडीत काढली, पण उसनवारी करणाऱ्याच्या घरी ती राहूनच गेली. तिच्यात जानेवारी हा शून्यावा महिना! सप्टेंबर २०२० मध्ये मोमेंटच्या कर्त्यांनी आपणहून जाहीर केले की यात आता नवे काही भरले जाणार नाही, नव्या कामास दुसरा पर्याय पाहावा. आपल्याच निर्मितीस इतक्या सरळपणे निवृत्त करणारी माणसे विरळा.

मी लक्सन घेतली. मोमेंटच्याच मंडळींपैकी एकाची ती कृती. नावे बदलली की झाले, असे वाटावे इतके साम्य. स्वभाव मात्र निराळा. मोमेंटच्या तारखेत सहा महिने मिळवले की ती तारीखच बदलून जाते. लक्सनची मूळ तारीख जागची हलत नाही. ती नवी तारीख आपल्या हाती देते, आणि ती घेतली नाही तर वाया जाते. केवळ नावे बदलली असती, तर निवृत्तीच्याच दिवशी घर सोडा, असे यादीने शेजाऱ्यांस सांगितले असते. शिवाय शून्याव्या महिन्यासाठी जुन्या प्रोग्राममध्ये जागोजाग मिळवलेला एक काढून टाकणे आलेच, कारण लक्सनला जानेवारी पहिलाच वाटतो.

एक तरुण सहकारी म्हणाला, लायब्ररी हवी कशाला, भाषेचीच तारीख वापरा. ३१ ऑगस्टमध्ये सहा महिने मिळवताना भाषा ३१ फेब्रुवारी शोधते, तो सापडत नाही, आणि ती ३ मार्चवर जाऊन बसते. दोन्ही लायब्रऱ्या २८ फेब्रुवारीलाच थांबतात. (क्षयतिथी आणि अधिक मास सांभाळणाऱ्या पंचांगकर्त्यांना यात नवल वाटू नये.) सरकारी नोकर महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणजे एकतीस तारीख आमच्या यादीत अपवाद नव्हे, रीतच. आणि ते तीन दिवस दंडाचे.

म्हणून जुना प्रोग्राम लगेच पुसला नाही. दोन्ही याद्या शेजारी शेजारी छापून ओळीगणिक ताडून पाहिल्या. तळमजल्यावरचे काका, मूळचे साताऱ्याचे, ऑगस्टअखेर निवृत्त झालेले, चष्मा पुसून आपली ओळ वाचू लागले. दोन्हीकडे २८ फेब्रुवारी.

“अठ्ठावीस म्हणजे रात्रीपर्यंत ना?” त्यांनी विचारले.

हे कोणत्याच लायब्ररीला ठाऊक नव्हते. ट्रक सत्तावीसलाच सांगून ठेवा, असे मी त्यांना म्हटले.