भरले अंग

आमच्या माहेरच्या बायका साऱ्या भरल्या अंगाच्या. पदर सावरण्यात जन्म गेला, पण त्या अवयवाचे नाव कोणी घेतले नाही. म्हणून अक्काने गाठ चार महिने लपविली. मरणापेक्षा तिला धास्ती होती ती छाती ओकीबोकी होण्याची.

ती धास्ती उगाच नव्हती. हॉल्स्टेडने १८९४ साली मांडलेल्या शस्त्रक्रियेत स्तनाबरोबर छातीचे स्नायूही जात. पुढे मिलानच्या व्हेरोनेसींनी दाखविले, की गाठ लहान असेल तर स्तनाचा तेवढाच भाग काढून किरणोपचार दिले तरी आयुष्य तितकेच लाभते. २००२ साली, वीस वर्षांच्या पाहणीनंतरही, तेच दिसले.

आता शल्यवैद्य शिंप्याची नजरही बाळगतात. गाठ सभोवारच्या निरोगी कडेसह काढतात, उरल्या भागाला लहानसा पण नीट घाट देतात, हवे तर दुसरी बाजू जोडीची करतात. कापड ऐसपैस असले, की बेतायला सोपे! रोग स्तनभर पसरला, तर मात्र तो सबंध काढावा लागतो.

अक्काची गाठ तेवढी पसरली नव्हती. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले. यंदा दिवाळीला तिने नव्या मापाच्या चोळ्या शिवल्या, आणि आता लेकीसुनांना जवळ बसवून ती बिनदिक्कत विचारते, "स्तनात गाठबीठ हाताला लागत नाही ना गं कुणाला?"