वर्गणीची पावती

दर वर्षी १ मे रोजी आमच्या धर्मग्रामात कामकरी संत जोसेफ यांचा सण साजरा होतो. मिस्साबलिदानाच्या वेळी वेदीपुढे करवत, थापी, कोयता, मासळीचे जाळे अशी श्रमाची साधने ठेवली जातात. हा सण परमगुरू बारावे पायस यांनी १९५५ साली सुरू केला. तारीख मात्र आधीपासूनच कामगारांची होती आणि तिचे मूळ अमेरिकेतील शिकागो शहरात होते. त्या दिवशी मला हटकून आठवतात ते माझे वडील.

वडील मुंबईच्या एका गिरणीत फिटर होते. युनियनची वर्गणी ते नेमाने भरीत आणि तिची पावती प्रार्थनापुस्तकात जपून ठेवीत. एकदा धर्मग्रामातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी त्यांना वाटेत थांबवून म्हटले, "युनियन हे देव न मानणाऱ्यांचे काम. देवळात येणाऱ्याला ते शोभत नाही." वडील गप्प राहिले. रात्री आईला मात्र त्यांनी विचारले, "पोरांच्या भाकरीसाठी चार आणे भरतो, हे कुमसारात सांगावे लागेल काय?" आईजवळ उत्तर नव्हते.

या प्रश्नाचे उत्तर कितीतरी आधीच दिले गेले होते, हे मला उतारवयात अमेरिकेतील कामगार चळवळीचा इतिहास वाचताना कळले.

१८६९ साली फिलाडेल्फियातील काही शिंपीकाम करणाऱ्या कारागिरांनी 'नाइट्स ऑफ लेबर' ही संघटना स्थापिली. रेल्वे, पोलाद आणि कोळसा यांच्या जोरावर अमेरिका तेव्हा झपाट्याने वाढत होती. पण संघटनेत गेलेल्या कामगाराला मालक कामावरून काढीत आणि इतरत्रही त्याला थारा मिळू देत नसत. म्हणून ही संघटना गुप्त राहिली. सदस्य शपथ घेत. नेमक्या या गुप्ततेमुळे आणि शपथेमुळे ख्रिस्तसभेतील अनेकांना तिच्याविषयी संशय वाटू लागला. कॅनडातील क्वेबेकच्या महागुरूंच्या विनंतीवरून १८८४ साली रोमने तिचा निषेधही केला.

विशेष म्हणजे संघटनेचा प्रमुख टेरेन्स पॉवडर्ली स्वतः कॅथोलिक होता. आयरिश आईबापांचा हा मुलगा यंत्रकामगार होता आणि पुढे स्क्रँटन शहराचा महापौर झाला. त्याच्या कारकिर्दीत गुप्तता सोडण्यात आली. संघटनेने स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांनाही सामावून घेतले. १८८६ साली तिची सदस्यसंख्या सुमारे ७ लाखांवर गेली.

त्याच वर्षी १ मे रोजी आठ तासांच्या दिवसासाठी अमेरिकेत ठिकठिकाणी संप झाले. ४ मे रोजी शिकागोच्या हेमार्केट चौकात बाँब फुटला. तो कोणी टाकला हे कधीच सिद्ध झाले नाही. तरी १८८७ साली चौघांना फाशी देण्यात आली. कामगार संघटना म्हणजे दंगा, असे समीकरण सर्वत्र रूढ होऊ लागले.

अशा वातावरणात, फेब्रुवारी १८८७ मध्ये, बाल्टिमोरचे कार्डिनल जेम्स गिबन्स यांनी रोममध्ये या संघटनेच्या बाजूने निवेदन सादर केले. त्यांचे म्हणणे साधे होते. अन्यायाविरुद्ध एकत्र येणे हा कामगारांचा स्वाभाविक मार्ग आहे. लोकांचे अंतःकरण गमावले, तर मूठभर धनवंतांच्या मैत्रीने त्याची भरपाई होणार नाही. १८८८ साली रोमने काही दुरुस्त्यांच्या अटीवर संघटनेला मुभा दिली. १५ मे १८९१ रोजी परमगुरू तेरावे लिओ यांचे 'रेरूम नोव्हारूम' हे परिपत्रक प्रसिद्ध झाले आणि कामगारांना संघटित होण्याचा नैसर्गिक हक्क आहे, हे ख्रिस्तसभेने स्पष्ट शब्दांत सांगितले.

या कथेला काळी बाजूही आहे. याच संघटनेने चिनी मजुरांना मात्र दारे बंद केली. १८८५ साली वायोमिंगमधील रॉक स्प्रिंग्ज येथे गोऱ्या खाणकामगारांनी किमान २८ चिनी कामगारांना ठार केले. हल्लेखोरांत तिचे सदस्य होते. पॉवडर्लीही पुढे ख्रिस्तसभेपासून दुरावला. पीडित माणूसही दुसऱ्याला पीडा देऊ शकतो, आणि उशिरा मिळालेला न्याय सर्वांनाच धरून ठेवू शकत नाही, हे दोन्ही धडे मला विसरता येत नाहीत.

२०२५ साली निवडून आलेल्या नव्या परमगुरूंनी लिओ हे नाव घेताना त्याच परिपत्रकाची आठवण केली, तेव्हा मी वडिलांचे प्रार्थनापुस्तक उघडले. पावती अजून तिथेच आहे, कडा पिवळ्या पडलेल्या. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे होते. ते १८९१ सालीच दिले गेले होते, पण आमच्या गावापर्यंत आणून त्यांच्या कानी कोणी घातले नाही. दोष त्या वडीलधाऱ्या गृहस्थांचा एकट्याचा नाही. शिकलेल्या आम्हा सर्वांचा आहे.

येत्या १ मे रोजी करवत आणि थापी यांच्या शेजारी ती पावतीही वेदीपुढे ठेवावी, असे मनात आहे.