अँब्युलन्स येईपर्यंत

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. मांडीतली मुख्य धमनी तुटली, तर त्यातलं जीव जाण्याइतकं रक्त काही मिनिटांत वाहून जातं. रक्तस्राव थांबवायला शिकताना हाच हिशेब माझ्या मनातून हलला नाही. १०८ला फोन करायलाच हवा, पण तेवढ्या मिनिटांत गाडी पोचेल याची खात्री शहरातही नसते, मग घाटात किंवा उसाच्या फडात कुठली! म्हणून हे काम डॉक्टरांचं, आपलं नव्हे, हे म्हणणं मला पटत नाही. त्या वेळी जखमीजवळ जो असेल, त्याचंच ते काम. आणि ते नुसतं माहीत असून भागत नाही, हाताला यावं लागतं. जखम दाबून धरायची, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण स्वच्छ कापड जखमेत आतपर्यंत ठासायचं, कोपर ताठ ठेवून त्यावर अंगाचा भार टाकायचा आणि रक्त थांबलं का हे पाहायला मधेच हात उचलायचा नाही, हे सरावाशिवाय जमत नाही. उचललं की धरू लागलेली गुठळी सुटते. विळीने बोट कापल्यावर हळद दाबणं त्या बोटापुरतं ठीक. उसळत्या रक्तात ती वाहून जाते आणि वेळही जातो.

हातापायाचं रक्त दाबूनही थांबेना, तर टूर्निके, म्हणजे जखमेच्या तीन-चार बोटं वर, सांधा टाळून, पिळून आवळायचा रुंद पट्टा. इथे लोक दचकतात: पाय कापावा लागला तर? ही भीती जुन्या प्रथमोपचाराच्या शिकवणीतून आलेली आहे. बगदादमधल्या अमेरिकी लष्करी रुग्णालयातल्या जखमींचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात पट्ट्यामुळे एकाचाही हातपाय गेला नव्हता, आणि जखमी शॉकमध्ये जाण्याआधी पट्टा बांधला गेला तिथे सुमारे ९० टक्के वाचले. नंतर बांधला तिथे जेमतेम १० टक्के. युद्धातले आकडे रस्त्यावर जसेच्या तसे लागू होणार नाहीत, हे मान्य. पण उशीर जीवघेणा असतो, हे दोन्हीकडे सारखंच. बांधल्याची वेळ लिहून ठेवायची, मधे सैल करायचा नाही आणि दोन तासांच्या आत रुग्णालय गाठायचं. सर्पदंशाला आवळून बांधू नये, हे आपल्याकडे आता सांगितलं जातं ते बरोबरच आहे. मात्र तो नियम विषाचा, वाहत्या रक्ताचा नव्हे. नुसता रुमाल आवळून बांधण्याची सवयही सोडायला हवी. त्याने वरच्या शिरा दबतात, खोलवरची धमनी चालूच राहते आणि रक्त उलट वाढतं.

पोलिसांच्या फेऱ्यांची धास्ती खरी आहे, पण २०१६च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने आणि मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय. नाव सांगण्याचीही सक्ती नाही. संसर्गाची भीती असेल, तर हातमोजे किंवा निदान प्लास्टिकची पिशवी हातावर चढवावी. शिकल्याने खोटा धीर येतो, हा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेते. मान, काख, जांघ इथे पट्टा चालत नाही, तिथे दाबच. काखेत आणि जांघेत कापड ठासूनही. पोटात किंवा छातीत आतून रक्त जात असेल, तर आपल्या हातांना काहीच करता येत नाही. तिथे थांबून राहू नये, ऑपरेशन थिएटरकडे धावावं, हेही त्याच शिक्षणात शिकवलं गेलं पाहिजे.