पाण्याकाठचं कोरडं गाव

पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी बोरी हे गाव आहे. तिथे नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला, आणि त्याच गाळात आदिमानवाची दगडी हत्यारंही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी या जागेवर बरंच काम केलं आहे. ही राख आली सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीतून. तोबाच्या नेमक्या कुठल्या उद्रेकातून, यावर तज्ज्ञांचा वाद मिटलेला नाही. पण राख जिथून उडाली तिथे आज तळं आहे आणि काठाला माणसं भात लावतात, एवढं कळल्यावर माझं तिकडे जायचं पक्कं झालं.

मेदान शहरातून सकाळी निघालं की पामतेलाच्या मळ्यांतून रस्ता जातो तो जातोच. पेमातांग सिआंतार मागे पडल्यावर चढ लागतो, हवा गार होते आणि पारापातच्या वळणावर खाली तोबा दिसतं. लांबी सुमारे शंभर किलोमीटर, रुंदी तीस, खोली पाचशे मीटरहून जास्त. सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकात डोंगराचं पोट रिकामं झालं, वरचं छत खचलं आणि त्या खड्ड्यात पाणी साठत गेलं. पुढे खड्ड्याचा तळच खालच्या दाबाने हळूहळू वर उचलला गेला. तेच समोसिर. आकाराने मुंबई शहराहून थोडं मोठं असलेलं हे सगळं बेट एके काळी तळ्याच्या तळाशी होतं. पठारावरसुद्धा तळ्याचा गाळ सापडतो.

आजिबाताहून तोमोकला फेरीबोट जाते. बोटीत मोटारसायकली, कांद्याची पोती, शाळेची मुलं. इथे बोटीत पाऊल टाकताना १८ जून २०१८ आठवतोच. त्या संध्याकाळी सिमानिंदोहून तिगारासला निघालेली ‘सिनार बांगुन’ ही लाकडी बोट बुडाली. क्षमतेच्या कितीतरी पट माणसं भरली होती. दीडशेहून जास्त माणसं बेपत्ता झाली. यंत्राच्या कॅमेऱ्याने बोट शोधली ती सुमारे ४५० मीटर खोलीवर, आणि ती तिथेच राहिली. इथल्या ज्या बातक लोकांत पूर्वजांची हाडं पुन्हा वर काढून, स्वच्छ करून, नव्या थडग्यात मानाने ठेवायची रीत आहे, त्या लोकांना आपली माणसं पाण्यात सोडून द्यावी लागली. याहून मोठी शिक्षा बातक माणसाला दुसरी नसेल.

त्या थडग्यांनीच समोसिरचा रस्ता भरलेला आहे. भाताच्या खाचरात, टेकडीच्या माथ्यावर, कुठेही. काहींना मजले आहेत, काहींवर बातक घराचं वळणदार छप्पर आणि त्यावर क्रूस. लुडविग नोमेन्सेन हा जर्मन मिशनरी १८६०च्या दशकात या डोंगरांत आला आणि १९१८ मध्ये तळ्याकाठच्या सिगुम्परला वारला. त्याच्या हयातीत तोबा बातक मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाले. हाडांच्या विधीकडे मिशन संशयाने बघत होतं, पण विधी टिकला आणि शेवटी चर्चनेच त्याला आपल्या शिस्तीत बसवून घेतलं. आता ही थडगी बांधतो तो जाकार्ता-मेदानात नोकरी करणारा मुलगा. त्याची म्हातारी आई शेजारी पत्र्याच्या घरात राहते. सुरुवातीला मला हे खटकलं. पण गावात राहिल्यावर वाटू लागलं की बाहेर गेलेल्याचा गावाशी धागा या दगडांनीच धरून ठेवला आहे. थडगं आहे म्हणून तो परत येतो, आणि तो येतो म्हणून घराचं दार उघडं राहतं.

तुकतुकला हॉटेलं आहेत, परदेशी पर्यटक तिथेच थांबतात. मी पुढे सिमानिंदोवरून पांगुरुरानच्या बाजूला, लुंबान सुही-सुहीला गेलो. इथल्या हुता राजा या वस्तीत लाकडी घरं समोरासमोर उभी आहेत. खांबांवर उचललेली, पूर्वी खाली जनावरं बांधत. दर्शनी भागावर लाल, काळ्या, पांढऱ्या रंगांतलं कोरीवकाम. सरकारने ही वस्ती दुरुस्त करून ‘उलोसचं गाव’, म्हणजे इथल्या हातविणीच्या वस्त्राचं गाव, म्हणून सजवली, २०२२ मध्ये इंडोनेशियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो येऊन गेले. सजावट छान आहे, पण गाव चालतं ते घरापुढच्या मागांवर.

माझा ड्रायव्हर पांगुरुरानचा होता, तोच दुभाष्या झाला. एक बाई जमिनीवर पाय पसरून विणत बसल्या होत्या. मागाचं एक टोक खांबाला, दुसरं पट्ट्याने त्यांच्या कमरेला. धागे ताणायचे तर मागे रेलायचं, सैल करायचे तर पुढे वाकायचं. लाकडी पातं दोन्ही हातांनी ओढून धागा ठोकून बसवायचा. दिवसभर हेच. बाईंनी मान वर न करता आधी माझा ‘मार्गा’, म्हणजे कुळ, विचारलं. बातकांत ओळख तिथूनच सुरू होते. मी माझं आडनाव सांगितलं, ड्रायव्हरने आमच्याकडे अशी कुळं नसल्याचा खुलासा केला. त्यावर त्यांनी विचारलं, “मग तिकडे कोणी कुणाला काय म्हणायचं हे ठरतं कसं?”

“इनांग, हे उलोस कुणासाठी?” मी विचारलं. इनांग म्हणजे आई.

“कुणाचं तरी लग्न असेल. कुणाचं तरी मरण असेल. व्यापारी येईल आणि घेऊन जाईल.”

उलोस हे नुसतं वस्त्र नव्हे. लग्नात मुलीकडची माणसं ते जावयाच्या खांद्यावर घालतात. बाळ जन्मलं, कुणी गेलं, तरी उलोस लागतंच. बातक समाज म्हणतो, आपण चुलीच्या तीन दगडांवर उभे आहोत: बायको देणारं कुळ, बायको नेणारं कुळ आणि आपले भाऊबंद. या तिघांतली देवाणघेवाण उलोसवाचून होत नाही. त्यामुळे जाकार्तात चकचकीत हॉलमध्ये लग्न लागलं तरी उलोस इथूनच न्यावं लागतं.

शेतीवर एवढा भरवसा ठेवता येत नाही. तळं खाली, शेत वर. पाणी डोळ्यांसमोर आणि भात पावसावर. कांदा, मका, थोडी कॉफी. मासेमारीतही आता तसं राहिलेलं नाही. विधींना लागणारा इथला मूळ ‘इहान’ मासा दुर्मीळ झाला, त्याची जागा कार्पने घेतली. तळ्यात जाळीचे पिंजरे टाकून मासे वाढवणं वाढलं, त्यांना घातलेलं खाद्य पाण्यात कुजतं. वारा सुटून तळाचं प्राणवायू नसलेलं पाणी वर आलं की उथळ भागातल्या पिंजऱ्यांतले मासे एका रात्रीत मरतात. २०१८च्या ऑगस्टमध्ये पांगुरुरानजवळ असंच झालं, टनावारी मासे पुरावे लागले.

दुपारी आर्सिक जेवलो. अख्खा कार्प हळद, गवती चहा आणि आंदालिमान घालून पाणी आटेपर्यंत शिजवलेला. आंदालिमानचा दाणा दाताखाली आला आणि जीभ झिणझिणली. चव ओळखीची होती. हे आपल्या तिरफळाचंच भावंड, एकाच वनस्पती-कुळातलं. गोव्यात बांगड्याच्या हुमणात तिरफळ, इथे कार्पमध्ये आंदालिमान. दोन टोकांच्या स्वयंपाकघरांनी माशासाठी तीच गोष्ट निवडली, याचं मला फार अप्रूप वाटलं.

तळ्याच्या पलीकडच्या काठावर बाकारा आहे, बातकांच्या सिसिंगामांगाराजा या राजघराण्याची गादी. १८५३ मध्ये फान दर टूक हा डच भाषापंडित तोबा पाहणारा पहिला युरोपीय ठरला. त्यानंतर पंचवीस वर्षांत, १८७८ मध्ये, डच सैन्याने बाकारा जाळलं. बारावे सिसिंगामांगाराजा डोंगरांत गेले आणि जवळजवळ तीस वर्षं लढत राहिले. १७ जून १९०७ रोजी ते मारले गेले, दोन मुलगे आणि मुलगी लोपियानसह. त्यांचा एकही फोटो नाही. आज घराघरांत दिसतं ते चित्रकार आउगुस्तिन सिबारानी यांनी काढलेलं चित्र. त्या विणणाऱ्या बाईंच्या घरातल्या भिंतीवरही ते होतं, येशूच्या तसबिरीशेजारी.

तोबाचं पाणी आणि डोंगर बघायला कुणीही जाईल. मला विचाराल तर समोसिर उभं आहे ते कमरेला माग बांधून बसलेल्या या बायकांच्या जिवावर. तोमोकच्या बाजारात यंत्रावर विणलेलं उलोस स्वस्तात मिळतं, दिसायलाही तसंच. तुम्ही कधी गेलात, तर तेवढ्यावर परत फिरू नका. पांगुरुरानपर्यंत जा, विणणाऱ्या बाईसमोर बसा आणि त्या सांगतील ती किंमत घासाघीस न करता त्यांच्याच हातात द्या.