गाडी आपली शे ना?

१९०६ सालीं खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, आणि आमच्या वांट्यास नोकरी एका जिल्ह्यांत व आई दुसऱ्या जिल्ह्यांत अशी वांटणी आली. महाविद्यालय जळगांवास, आई धुळ्यास; मध्यें एरंडोल व पारोळें धरून नव्वद किलोमीटरांच्या आसपास रस्ता. पुष्कळ वर्षें तो आम्हीं एस्. टी.नें तुडविला. पन्नाशी उलटल्यावर कंबरेनें तक्रार मांडली, व २०२० च्या दसऱ्यास मोटार घेतली. पहिल्याच फेरींत आईला आग्रा रोडवरून फिरवून आणलें. आंतल्या गादीवर हात फिरवीत तिनें आपल्या अहिराणींत विचारलें, "गाडी आपली शे ना रे, भाऊ?" आम्ही "हो" म्हणालों. तें उत्तर खरें नव्हतें.

सात लाखांच्या त्या मोटारींत दोन लाख आमचे होते. पांच लाख एका सहकारी बँकेचे. नोंदणीपत्रांत मालक म्हणून आमचें नांव, आणि त्याच कागदावर तारणाची नोंद बँकेची. जामीन म्हणून धुळ्याच्या मामेभावानें सही केली. त्यानें कागद वाचलाहि नाहीं. आमच्या तोंडाकडे पाहून सही केली.

कर्ज काढतांना एक गोष्ट मात्र आम्हांस साधली. दुकानांतील तरुण एका दुसऱ्या सावकारी कंपनीचें कर्ज गळीं मारूं पाहात होता. दर तोच, शेकडा नऊ. परंतु त्याचे नऊ टक्के पांचहि वर्षें मूळ पांच लाखांवर चालायचे, मग तुम्ही फेड कितीहि करा. त्या हिशेबानें हप्ता १२,०८३ रुपये. बँकेचे नऊ टक्के उरलेल्या रकमेवर; हप्ता १०,३७९ रुपये. साठ महिन्यांत एक लाखाहून अधिक फरक! त्या तरुणाचे नऊ टक्के म्हणजे बँकेच्या रीतीनें साडेपंधरांच्याहि वर जातात. जन्मभर इंग्रजी काव्य शिकविणाऱ्यास हें गणित समजलें याचा आम्हांस इतका गर्व झाला, कीं पुढें दोन वर्षें आम्हीं बँकेचें पुस्तक उघडूनहि पाहिलें नाहीं.

२०२३ च्या उन्हाळ्यांत आई न्हाणीघरांत पडली. खुबा मोडला. रुग्णालयाच्या बिलानें बचत खात्याचा तळ गाठला, आणि एप्रिल व मे या दोन महिन्यांचे हप्ते चुकले. बँकेची यंत्रें ठरल्या तारखेस खात्यांत हात घालतात. हातास कांहीं लागलें नाहीं म्हणजे रिकाम्या हाताचाहि आकार लावतात. त्यावर थकलेल्या रकमेवर दंडव्याज.

आतां एक गोष्ट सांगावयास संकोच वाटतो. त्याच बँकेंत, त्याच इमारतींत, आमची एक लाखाची मुदतठेव सुखानें निजली होती. तिजवर सहा टक्के मिळत होते, आणि शेजारच्या टेबलावर आमची थकबाकी नऊ टक्के अधिक दंड खात होती. शहाण्यानें ठेव मोडली असती. परंतु ती मुलीच्या पुढील शिक्षणाची म्हणून सौभाग्यवतींनीं बाजूस ठेविली होती, आणि रुग्णालयाच्या धांदलींत तिला हात लावूं नये असें आम्हां दोघांनाहि वाटलें. घरांतले पैसे घरांत वेगवेगळ्या गाडग्यांत असतात; एका गाडग्याला दुसऱ्याचें दुःख ठाऊक नसतें.

नव्वद दिवस उलटले म्हणजे कर्ज अनुत्पादक ठरतें, हें आम्हांस माहीत होतें; तोंवर अवकाश आहे अशा समजुतींत आम्ही होतों. जूनमध्यें पुस्तक भरून आणलें, तों दोन्ही थकलेले हप्ते दंडासकट जमा! बँकेनें जामिनाला फोन केला होता, आणि मामेभावानें, आम्हांस अवाक्षर न कळवितां, पैसे भरले होते. त्याच सुमारास तो रोज रुग्णालयांत येऊन आमच्याशेजारीं बांकावर बसत असे व पावसाच्या गोष्टी बोलत असे. आम्हीं त्याच संध्याकाळीं ठेव मोडली. सौभाग्यवतींनीं एक शब्द न बोलतां पावती काढून दिली. पैसे हातीं ठेवितांना मामेभाऊ म्हणाला, "दादा, मला वाटलं तुम्हांला ठाऊक आहे." याहून कडक वसुली कोणी केली नसती.

आपल्या धर्मशास्त्रांत दामदुपटीचा नियम होता. एका वेळीं वसूल करावयाचें व्याज मुद्दलाहून अधिक होऊं नये. तो न पाळणाऱ्या सावकारांचे रोखे शेतकऱ्यांनीं १८७५ सालीं सुप्यास जाळले. आमच्या थकबाकीनंतर थोड्याच दिवसांनीं, ऑगस्ट २०२३ मध्यें, रिझर्व्ह बँकेनें फर्माविलें कीं, दंड हा दंड म्हणून घ्यावा, व्याजांत मिसळूं नये व त्या दंडावर पुन्हा व्याज चढवूं नये. आम्हांस त्याचा लाभ मिळाला नाहीं, तक्रारहि नाहीं.

२०२५ अखेर शेवटचा हप्ता फिटला. बँकेचा ना-हरकत दाखला व पस्तीस क्रमांकाचा नमुना घेऊन आम्ही परिवहन कार्यालयांत खेटे घातले आणि तारणाची नोंद एकदांची पुसून घेतली. मग धुळ्यास गेलों. आई आतां काठी घेऊन चालते. तिला मोटारींत बसविलें व मोठ्या ऐटींत सांगितलें, "आई, आजपासून गाडी आपली."

तिनें आमच्याकडे जरा रोखून पाहिलें.

"मंग इतला दिन कोनी व्हती?"


पुढच्या आसनावर मामेभाऊ बसला होता. तो खिडकीबाहेर पाहूं लागला.