पायाळू

आमच्या थोरल्या चिरंजीवांना कन्यारत्न झाले, ते पायाळू. अमरावतीच्या आप्तेष्टांना कोण कौतुक! उसण भरलेल्या पाठीला पायाळूची लाथ लागली की आराम पडतो, ही समजूत आमच्याकडे अजून आहे. बालरोगतज्ज्ञांनी मात्र बाळाच्या खुब्यांकडे लक्ष देण्यास सांगितले. गर्भाशयात पायाळू बसलेल्या अर्भकाचा खुब्याचा सांधा उथळ राहण्याचा संभव अधिक; शिवाय हा दोष मुलांहून मुलींत जास्त आढळतो.

खुबा म्हणजे वाटीत बसलेला गोळा. वाटी उथळ असली की गोळा निसटतो. पण बाळाला वेदना होत नाहीत, म्हणून घरच्यांना कळत नाही. कळते ते लेकरू लंगडत चालू लागल्यावर, आणि तेव्हा बहुधा शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते. पहिले चार-सहा महिने हा गोळा कूर्चेचा असल्याने क्ष-किरण चित्रात तो नीट उमटत नाही, सोनोग्राफीत उमटतो. ऑस्ट्रियाचे डॉ. राइनहार्ड ग्राफ यांनी १९८० साली ही तपासणी जगापुढे मांडली.

सहाव्या आठवड्यात आम्ही नातीला अकोल्यास नेले. वाटीच्या छताचा कोन ६० अंश वा अधिक हवा. डावीकडे तो कमी भरला. मांड्या वाकवून फाकलेल्या ठेवणारे, पावलिक यांच्या नावाचे मऊ पट्टे बांधण्यात आले. गोळा वाटीत बसतो आहे की नाही, हे दर खेपेस सोनोग्राफीत पाहूनच डॉक्टर पुढचे ठरवीत. बसत नसेल तर पट्टे तसेच रेटणे हानिकारक, मग उपाय बदलावा लागतो, असे त्यांनी बजावले होते.

‘लेकराला जखडून ठेवले,’ अशी कुजबुज झाली. मुलीची जात, लोक काय म्हणतील, म्हणून पट्टे सुटेपर्यंत स्नानसंस्कार लांबवावा, असेही सुचविले गेले. सूनबाई ठाम राहिली. पट्ट्यांवरूनच पांढरा झगा घालून आम्ही बाळाला चर्चमध्ये नेले. तीन महिन्यांत कोन भरून आला.

सोनोग्राफी म्हटले की गर्भातील मुलींवर आलेले संकटच आपल्याला आठवते. तो दुरुपयोग रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ साली कायदा केला, देशाने १९९४ साली. तेच यंत्र जन्मलेल्या लेकीची चाल वाचवू शकते, हेही घरोघरी कळावयास हवे. घरात पायाळू बाळ जन्मले, अथवा घराण्यात कोणाचा खुबा जन्मतः निखळलेला असला, तर सहाव्या आठवड्याच्या सुमारास ही तपासणी अवश्य करून घ्यावी. बाळाचे पाय सरळ ताणून दुपट्यात आवळू नयेत. बाळाने मान धरल्यावर त्याला कडेवर घेण्याची आपल्या आयाबायांची रीत तर खुब्याला हिताचीच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही २०१३ पासून या दोषाचा समावेश आहे. गावात तपासणी पथक आले की त्यांना जरूर विचारावे.