लोकेशन पाठव ना

मागच्या वर्षी मी टाकलेल्या एका रीलखाली सगळ्यात जास्त वेळा आलेली कमेंट होती, 'भावा, लोकेशन पाठव ना.' मी पाठवलं. एकाला, दुसऱ्याला, मग कंटाळून पिनच टाकून दिली. चाळीस सेकंदांचा व्हिडिओ. पहाट, धुकं, पाण्याच्या कडेला माझा हिरवा तंबू, शेजारी चिखलाने माखलेली सेकंडहॅन्ड हिमालयन. खाली लिहिलं होतं, 'जिथे रस्ता संपतो.'

ते रील अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तीन महिन्यांनी बघितलं. चुलतभावाच्या फोनवर. फोन डोळ्यांजवळ नेत म्हणाले, "हे तापोळ्याच्या पल्याडचं हाय. त्या डोंगराचं नाक बघ. आपलं गाव त्याच्याच खाली."

खाली म्हणजे पाण्याखाली. कोयना धरणाचं पाणी साठच्या दशकाच्या सुरुवातीला चढलं, तेव्हा आमचं गाव गेलं. अण्णांचा जन्म 1957 चा, म्हणजे ते पाचेक वर्षांचे असतील. आजोबांना सोलापूरकडे जमीन दाखवली होती. ते एकदा बघून आले, म्हणाले, "तिथं डोंगरच न्हाय," आणि मुंबईला येऊन गोण्या उचलायला लागले. पुढे अण्णांनीही तेच केलं. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी म्हणून त्यांची पाठ झिजली. मी लहानपणापासून गाव ऐकलं ते आजीच्या तोंडून. आंब्याखालचा पार, भैरोबाचं देऊळ, नदीकाठची भातखाचरं. आणि मी त्याच पाण्याकाठी तंबू ठोकून आलो, तेव्हा मला हे ठाऊकही नव्हतं.

"मला घेऊन चल की," अण्णा म्हणाले.

मी गाडी भाड्याने घेऊ म्हटलं. ते म्हणाले, "तू ज्याच्यावरनं गेलास, त्याच्यावरनंच."

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पहाटे चारला निघालो. पनवेल, माणगाव, महाड, पोलादपूर, मग डावीकडे वळून आंबेनळी घाट. अण्णा मागे ताठ बसलेले, दोन्ही हात मांड्यांवर. मी सांगितलं, मला धरा. ते म्हणाले, "धरायची गरज लागली की धरीन." महाबळेश्वरला टाकी फुल केली, कारण पुढे पंपाच्या भरवशावर राहायचं नाही हे मागच्या वेळी शिकलो होतो. तापोळ्याला उतरताना खाली शिवसागर दिसायला लागला. मेमध्ये तो अर्धवट रिकामा असतो. हिरव्या डोंगरांच्या पायथ्याशी लाल मातीचा रुंद पट्टा उघडा पडलेला, त्याच्या खाली निळं पाणी.

तापोळ्याला बाईक तराफ्यावर चढवून पलीकडे गेलो. खरा रस्ता तिथून पुढे. थोडं डांबर, मग नुसती खडी. रस्ता करायला आणून पसरलेली आणि दबाई न झालेली. खडीवर बाईक चालवायचे माझे नियम मला पाठ होते. पुढच्या टायरमधली हवा चार-पाच पीएसआय कमी करायची. पुढचा ब्रेक जवळजवळ विसरायचा. नजर चाकासमोर नाही, वीस-तीस फूट पुढे. उतारावर दुसरा गिअर. आणि हँडल सैल धरायचं. खडीत चाक थोडं इकडेतिकडे हलणारच, त्याला हलू द्यायचं. पण हे सगळे नियम एकट्याचे. एकटा असलो की फूटपेगवर उभा राहून गाडी पायांखाली नाचू देतो. मागे सदुसष्टीला आलेला बाप बसलेला असताना कसं उभं राहणार?

तिसऱ्या वळणावर चाक हललं आणि मी नेमकं नको ते केलं. हँडल आवळलं आणि ब्रेकला बोट लावलं. पुढचं चाक सरकलं. वेग फार नव्हता, दहा-पंधराचा असेल. बाईक हळूच डावीकडे आडवी झाली, आम्ही दोघे खडीवर.

मी ओरडलो, "अण्णा!" ते आधीच उठून बसले होते. कोपर सोललं होतं, शर्टाची बाही फाटली होती. मला त्यांच्याकडे बघवेना. मी चुकलो, गाडीच आणायला हवी होती, असं काहीतरी बडबडत राहिलो.

ते कोपरावर पाणी ओतत म्हणाले, "तू घट्ट धरलंस. मला मागं कळलं. नवा गडी असतो ना, तो गोणी अशीच आवळून धरतो. मग गोणी एकीकडं, गडी एकीकडं. पाठीवरचं वझं थोडं हलणारच. त्याच्याखाली आपण हलायचं."

मी इतके पैसे आणि तास घालवून यूट्यूबवरून जे शिकलो होतो, ते या माणसाला चाळीस वर्षं माहीत होतं. आम्ही दोघांनी मिळून बाईक उभी केली. पुढे ते माझ्या कमरेला धरून बसले.

त्या वस्तीत पोचलो तेव्हा चार वाजले होते. मागच्या वर्षी मी कोणालाही न विचारता खाली उतरलो होतो. पलीकडचा बराचसा डोंगर कोयना अभयारण्याचा, 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा. तिथे मुक्काम करता येत नाही, एवढं मी तेव्हाही पाहिलं होतं. पण ही जागा जंगलाची नाही म्हणजे कोणाचीच नाही, असं मी धरून चाललो होतो. अण्णा सरळ पहिल्या घरात गेले. एक मावशी अंगणात नाचणी पाखडत होत्या. अण्णांनी गावाचं नाव सांगितलं, आजोबांचं सांगितलं. मावशींनी सूप खाली ठेवलं आणि गुळाचा चहा टाकला.

"खाली झोपा की," त्या म्हणाल्या. "तुमी इचारलं तरी. ही पोरं इचारत्यात कुठं? मागल्या सालापास्नं लई येत्यात. फोनमधी बघून येत्यात. रातभर गाणी, सकाळी काचा. आमच्या म्हशीचा खूर फाटला काचंनं. दोन महिनं दूध न्हाय."

माझ्या हातात चहाची कपबशी होती. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मी मावशींना सांगितलं. मीच तो पत्ता टाकला होता म्हणून. त्यांना रील, पिन वगैरे किती कळलं कोण जाणे. त्या एवढंच म्हणाल्या, "मग काढून टाक की."

ते मी काढलंच. पण एव्हाना दुसऱ्यांच्या व्हिडिओंवर तीच जागा होती, कोणीतरी तिला एक छानसं इंग्रजी नावही ठेवलं होतं. माझं रील गेल्याने काही थांबणार नव्हतं.

संध्याकाळी आम्ही पाण्याकडे उतरलो. गाळ वाळून भेगाळला होता. एका बाजूला दगडी जोत्याच्या दोन ओळी दिसत होत्या, कोणाचं घर की देऊळ, कळत नव्हतं. मी विचारलं, "आपलं घर कुठे होतं?"

अण्णा बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "मला काय आठवत न्हाय."

"पार? देऊळ?"

"ते आईचं. ती सांगायची, मी तुला सांगत आलो. माझ्या डोळ्यापुढं यातलं काय न्हाय." थोड्या वेळाने म्हणाले, "एकच आठवतंय. कुणाच्या तरी पाठीवर बसून डोंगर चढताना मी मागं बघत होतो. पाठ कुणाची, ते पण ठाव न्हाय."

अंधार पडला. दक्षिणेला, खूप लांब, याच पाण्याची भिंत आहे. तिथून पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला, कोकणात पोफळीकडे पडतं. प्रकल्पाची क्षमता 1960 मेगावॉट. मुंबईतल्या खोलीत मी ज्या दिव्याखाली दहावीचा अभ्यास केला, त्यात थोडं हे पाणीही असेल. मी हे अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "बिल तरी कमी लावायचं मग," आणि स्वतःच हसले. तंबूत झोपायला ते तयार नव्हते. बाहेर सतरंजीवर, कोपराला हळद लावून झोपले. मी किती तरी वेळ जागा होतो.

पहाटे धुकं होतं. मागच्या वर्षीसारखंच, कदाचित जास्त सुंदर. फोन बाहेर काढला नाही असं म्हणणार नाही. काढला, अण्णांचा पाठमोरा एक फोटो घेतला आणि ठेवून दिला.

मग आम्ही मावशींकडून दोन रिकाम्या गोण्या मागितल्या. काठावरच्या बाटल्या, प्लेटा, काचा, एक फाटका तंबूसुद्धा. दोन्ही गोण्या भरल्या, तरी काठ साफ झाला नव्हता. मी गोण्या बाईकला कशा बांधायच्या याचा विचार करत होतो, तोवर अण्णांनी दोरी घेऊन दोन गाठी मारल्या. एक डावीकडे, एक उजवीकडे, वजन बरोबर सारखं. मी हलवून बघितलं. गोण्या थोड्या हलत होत्या, सुटत नव्हत्या.

खडीच्या उतारावर मी हँडल सैल धरलं. तापोळ्यापर्यंत एकदाही पडलो नाही.

महाबळेश्वरच्या अलीकडे नेटवर्क आलं आणि खिशात फोन थरथरत राहिला. गोण्या टाकायला थांबलो तेव्हा बघितलं. अनोळखी मुलगा, प्रोफाइलवर नवीकोरी बाईक. 'दादा, ते लेकवालं रील दिसत नाही. लोकेशन पाठव ना.'

मी लिहिलं, 'ते लोकेशन नाही रे, लोकांचं शेत आहे. तापोळ्याला जा, तिथे कोणालाही विचार, राहायला जागा देतील. आणि खडीवर हँडल सैल धर.'

त्याने अंगठा पाठवला. तो तिथे जाणार नाही, असं मला वाटत नाही. पण निदान कोणाला तरी विचारेल.